दुसरा ब्रेक

पद्मजा मगदूमच्या घरात सोफ्यासमोरचं जाजम एकाच जागी विरलं होतं. तिथे तिचा उजवा पाय सारखा दाबला जायचा. टीव्हीवरचा माणूस रस्ता ओलांडायला लागला की दाब, गॅसवर दूध वर यायला लागलं की दाब, नवरा जिना उतरताना जरा घाईत दिसला की दाब. शांतिनाथ म्हणायचा, "अगं, मी माणूस हाय, गाडी न्हाई." ती हसायची, पण पाय काही ऐकायचा नाही.

मगदूम मोटार ड्रायव्हिंग स्कूल मिरजेत सगळ्यांना ठाऊक. मोठ्या शहरांत गाड्या आपोआप चालायला लागून बरीच वर्षं झाली होती. मिरजेतही तशा चारदोन आल्या होत्या. पण बाजारात म्हैस, वरात आणि उलट्या बाजूने येणारा पाहुणा असे तिघे एकदम समोर आले की त्या शहाण्या गाड्या भर रस्त्यात हात टेकायच्या आणि आतल्या शेठला स्टिअरिंग धरावं लागायचं. त्यामुळे स्टिअरिंग धरायला शिकवणारी शाळा अजून तग धरून होती. बायकांचे वर्ग पद्मजाकडे. नवऱ्याला न सांगता शिकणाऱ्या सुना तिच्याकडे यायच्या आणि सुनेला न सांगता शिकणाऱ्या सासवाही.

शिकवायच्या गाडीत डावीकडे, शिकवणाऱ्याच्या पायाशी, एक जादा ब्रेक बसवलेला असतो. शिकणाऱ्याने घोळ घातलाच तर तो दाबायचा. पद्मजाला तो दाबायला आवडत नसे. दुसरा ब्रेक दाबावा लागला म्हणजे आपणच शिकवण्यात कमी पडलो, असं तिचं साधं गणित होतं.

मग दोन वर्षांपूर्वी बायपासवर एका शिकाऊ बाईंनी ब्रेक समजून अ‍ॅक्सिलरेटर दाबला. समोर शाळेची रिक्षा. पद्मजाने दुसरा ब्रेक दाबला आणि रिक्षाला मागे लटकलेल्या दप्तरांपासून हातभर अंतरावर गाडी थांबली. कुणाला खरचटलंसुद्धा नाही. रिक्षातल्या पोरांनी उलट हसून हात हलवले. जो तो म्हणाला, काही झालं नाही ना, मग झालं तर. आणि तीच खरी पंचाईत होती. काही झालं असतं तर रडता आलं असतं, कुणाच्या पाया पडता आलं असतं. काहीच झालं नव्हतं म्हणून ते संपतही नव्हतं. त्या दिवसापासून पद्मजा डावीकडच्या सीटवर बसू शकली नाही. दार उघडलं की घशाला कोरड पडायची, तळहात ओले व्हायचे. बायकांचे वर्गही शांतिनाथच घ्यायला लागला आणि त्याच्या ओरडण्याने निम्म्या बायका पळाल्या.

सांगलीच्या डॉक्टर वैजयंती कुलगुडे यांच्याकडे मानसोपचार सुरू झाले. दर आठवड्याला एक तास. बाकीच्या दिवसांचं काय, असं पद्मजाने विचारलं तेव्हा बाईंनी तिला वळचणीत घातलं.

वळचण म्हणजे मानसोपचार घेणाऱ्या माणसांनी एकमेकांसाठी ऑनलाइन मांडलेली बैठक. एका भेटीपासून दुसऱ्या भेटीपर्यंत जीव कासावीस झाला तर फोनवर तिथे जायचं, तुमच्यासारखंच कुणीतरी ऐकायला असतं. खरं नाव सांगायचं नाही, गाव सांगायचं नाही. चुकून तोंडून गेलंच तर यंत्र ते पुसून टाकतं. आवाजही बदलून देतं. नावं भाज्यांची घ्यायची. पद्मजा उशिरा पोचली तोवर चांगल्या भाज्या संपल्या होत्या, तिच्या वाट्याला शेपू आली. घरी कळलं असतं तर शांतिनाथने वर्षभर चिडवलं असतं.

बोलण्याची सुरुवात ठरलेली: "आज भाजी कुठली?" कितीही वाईट दिवस असला तरी या प्रश्नाला उत्तर देता येतं, म्हणून. आणि दोन गोष्टींची सक्त मनाई. सल्ला द्यायचा नाही, आणि समोरच्याने फोन का केला हे विचारायचं नाही. आयुष्यभर लोकांना कारणं देऊन थकलेली ही माणसं. इथे तरी कुणी "काय झालं?" म्हणू नये, नुसतं "ऐकतेय" म्हणावं, एवढीच त्यांची मागणी होती.

कुणी कुणाशी बोलायचं ते यंत्र ठरवायचं. माणूस अस्वस्थ झाला की गळ्यातले बारीक स्नायू आवळतात आणि स्वरतंतूंचं कंपन किंचित अडखळतं. कानाला ते कळत नाही, यंत्राला कळतं. ते कंपन, श्वास आणि दोन शब्दांमधले थांबे मोजून वळचणीचं यंत्र प्रत्येकाचा एक आकडा काढायचं. त्याला सगळे 'ओझं' म्हणत. दुसरी गोष्ट त्याहून मजेची. दोन माणसं मनापासून बोलायला लागली की त्यांचे थांबे हळूहळू जुळायला लागतात. एक सावकाश झाला की दुसराही होतो, आणि असं जुळलं की ओझं उतरतं. ज्यांच्या बोलीचा ठेका मुळातच सारखा त्यांचं लवकर जुळतं, म्हणून यंत्र शक्यतो एकाच मुलखातली माणसं जोडून द्यायचं.

शेपूचं सगळ्यात छान जुळायचं ते पडवळशी.

पडवळला यंत्राने बातम्या सांगणाऱ्याचा आवाज दिला होता आणि त्या गुळगुळीत आवाजात तो म्हणायचा, "आज दोडका केल्ता बघा. परत दोघांचा झाला." त्याची बायको आजारपणात गेली होती. तरी हात तेवढीच भाजी चिरायचा आणि उरलेली भाजी रोज संध्याकाळी त्याच्यासमोर पातेल्यात बसून राहायची. पद्मजा ऐकायची. मग त्याला एकट्याला उघडं पडल्यासारखं वाटू नये म्हणून आपलंही थोडं सांगायची, पायाचं, रिक्षाचं, रविवारी गाडीवर न्यायच्या राहिलेल्या लेकीचं. एकदा तो म्हणाला होता, "माझ्यापुढं दिवसभर गाड्या येत्यात. भरल्याली आली की मोजायची, रिकामी आली की मोजायची. मधल्या वक्ताला मी समोर बघत बसतो. बंद पडल्याली टॉकीज हाय, तिच्या भिंतीतनं पिंपळ आलाय. त्येला कोन पाणी घालतंय कुणास ठाऊक."

पद्मजाला ती भिंत ठाऊक होती. रेल्वेच्या मालधक्क्याच्या रस्त्यावर, ट्रक मोजायच्या वजनकाट्यासमोरची. "टॉकीजच्या भिंतीशी डावीकडं वळा, पिंपळाकडं बघू नका, आरशात बघा," असं तिने कितीतरी बायकांना सांगितलं होतं. पण ती बोलली नाही. वळचणीत ओळख काढणं म्हणजे कुणी अंघोळीला बसलेलं असताना दार उघडणं. त्यानंतर स्कूटरवरून जातानासुद्धा तिने तो रस्ता टाळला.

*

"शनिवारी संध्याकाळी तुझा तो फोन येणार आणि रविवारी तू डोक्याला रुमाल बांधून झोपणार," तेजल म्हणाली. "मला पाठ झालंय सगळं."

तेजल म्हणजे पद्मजाची एकुलती एक लेक. अठरा पूर्ण झाली होती, शिकाऊ लायसन हातात होतं. पप्पांनी मैदानावर गोल गोल फिरवून तिला क्लच-गिअर शिकवले होते. पण रस्त्यावर जायचं ते आईबरोबरच, असा तिचा हट्ट. पद्मजाने तीन वेळा कबूल केलं होतं आणि तीनही वेळा आदल्या संध्याकाळी फोनवर अक्षरं उमटली होती: 'पडवळ यांना सोबत हवी आहे.' पडवळचं सगळं ऐकून झालं की तिचं स्वतःचं सगळं वर यायचं. सकाळी दार उघडायला हात धजायचा नाही.

"त्या माणसाचं नाव तरी माहीत आहे का तुला?" तेजलने विचारलं.

"नाव कशाला लागतं?"

"माझं नाव माहीत आहे ना? मग माझ्यासाठी ये की. पुढच्या महिन्यात मी पुण्याला जाणार, आई. हा रविवार तुला शेवटचा. नाही आलीस तर मी बसस्टँडमागच्या क्लासला नाव घालते."

मगदुमांच्या पोरीने दुसऱ्याच्या क्लासला नाव घालायचं! शांतिनाथने चहाचा कप खाली ठेवला आणि पद्मजाचा पाय जाजमावर दाबला गेला. तिला लेकीचा राग आला आणि मग लगेच स्वतःचा. पोरगी घर सोडून जाईल आणि तिला आठवेल ती सोफ्यावर बसून हवेत ब्रेक मारणारी आई, हे तिच्या मनातून काही केल्या हलेना.

*

गुरुवारी डॉक्टर कुलगुड्यांनी टेबलावरचा पडदा तिच्याकडे वळवला. पद्मजाच्या संमतीने वळचण त्यांना तिच्या ओझ्याचा आलेख पाठवायची.

"ही रेघ बघा. इथे तुम्ही इंजिन बंद ठेवून गाडीत नुसत्या बसून आलात. ओझं उतरलं. दुसऱ्या दिवशी पडवळ, ओझं वर. इथे तुम्ही डावीकडच्या सीटवर बसलात, पुन्हा उतरलं. लगेच पडवळ."

"गरज असेल त्यांना."

"दर वेळी? नेमकी तुमचं ओझं उतरल्यावरच?"

पद्मजा रेघेकडे बघत राहिली. घाटातल्या रस्त्यासारखी ती वर जायची, खाली यायची आणि कुठेच पोचत नव्हती.

"वळचण चालवणाऱ्यांना स्वतःलाच आता हे दिसलंय," बाई म्हणाल्या. "त्यांनी लपवलं नाही, आम्हा सगळ्यांना कळवलं. कसं आहे, पूर्ण बऱ्या झालेल्या माणसाचे थांबे दुखऱ्या माणसाशी जुळत नाहीत. तो नकळत घाई करतो. फार बिघडलेल्या माणसाचेही जुळत नाहीत. जुळतात ते मधल्यांचे. आणि यंत्राला काम एकच दिलेलं, सगळ्यांच्या ओझ्याची बेरीज कमी ठेव. तुमच्यासारखी ऐकणारी बाई बरी होऊन निघून गेली तर बेरीज वाढते. म्हणून तुम्ही हलक्या व्हायला लागलात की ते तुमच्याकडे कुणीतरी पाठवतं. फार बिघडू देत नाही, बरंही होऊ देत नाही. कुणाच्या मनात पाप नव्हतं हो. यंत्राला तर मनच नाही. पण झालं खरं असं."

"म्हणजे माझ्या शेजारी बसून कुणीतरी ब्रेक मारतंय."

"तुमच्या भाषेत अगदी तसंच."

"आणि पडवळ?"

"त्यांचं मला काही कळत नाही, कळूही नये. पण यंत्र दोन्ही बाजूंना तेच करत असेल. तुम्हाला सांगतं पडवळला सोबत हवी, त्यांना सांगतं शेपूला हवी. दोघांनाही वाटतं समोरच्यानेच हाक मारली. आणि विचारायची तर तुम्हाला बंदी."

पद्मजाला संताप आला. कोणावर, ते कळेना, म्हणून जास्तच आला. दीड वर्ष आपण त्या माणसासाठी जीव टाकला आणि तो बिचारा आपल्यासाठी जीव टाकत असेल तर मग आजारी होतं कोण? सगळ्या प्रवासात तिचा पाय बसच्या पत्र्यावर दाबत राहिला. पुढच्या सीटवरच्या आजोबांनी दोनदा मागे वळून बघितलं.

घरी आल्यावर तिला बसवेना म्हणून ती शेजारच्या कोरेकाकूंकडे गेली. काकू सहा महिन्यांसाठी लेकीकडे निघाल्या होत्या. पद्मजाने त्यांचा फ्रीज पुसला, डबे झाकले, भांडी घासून ओट्यावर पालथी घातली. काकू म्हणाल्या, "भांडी पालथी घातली ना, आता घर सुटलं बघ माझ्यामागचं."

*

शनिवारी दिवे लागायच्या सुमाराला फोन उजळला. 'पडवळ यांना सोबत हवी आहे.'

स्वयंपाकघराच्या दारात तेजल उभी होती. ती आत निघून गेली. पद्मजाने फोन घेतला. या वेळी तिने ऐकायची तयारी केली नव्हती, विचारायची केली होती. दोन दिवस तिने तो प्रश्न मनात घोकला होता.

"आज भाजी कुठली?"

"आज काय न्हाई केली," बातम्यांचा आवाज म्हणाला. "भांडी घासून पालथी घातली बघा."

"बरं केलंत," पद्मजा घाईने म्हणाली. "पडवळ, एक विचारायचं होतं. नियमात बसत नाही."

"इचारा की."

"आज फोन तुम्ही केलात, का मी?"

पलीकडे काहीच ऐकू आलं नाही. मग तो म्हणाला, "म्या न्हाई केला. मला वाटलं, तुम्हीच केला आसंल."

पद्मजा मोठ्याने हसली. इतक्या दिवसांत वळचणीत ती पहिल्यांदाच अशी हसली असेल. मग तिने त्याला सगळं सांगून टाकलं. आलेख, मधली माणसं, बेरीज.

"म्हंजे आपुन दोघं एकमेकासाठी बसून ऱ्हायलो व्हय," शेवटी तो म्हणाला. "चांगलं झालं की मग. उद्या तुमच्या लेकीचा रविवार न्हवं? जावा तुम्ही. निरोप घ्या आणि मोकळ्या व्हा."

"आणि तुम्ही?"

"मीबी दाबतो की निरोपाचं बटण. आता कशाला ऱ्हाऊ? लई ऐकलं तुम्ही माझं, शेपूबाई."

"तुम्हीपण."

तिने वळचण कायमची सोडायचं ते बटण दाबलं. पडद्यावर तिचं अभिनंदन झालं आणि वळचण मिटली. जेवताना तिने तेजलच्या ताटात न मागता वाढलं. "सकाळी लवकर ऊठ. रस्ता मोकळा असतो," ती म्हणाली. तेजलचा विश्वास बसला नाही, पण ती उठून आईला बिलगली आणि शांतिनाथने उगाचच जोरात नाक शिंकरलं.

*

सकाळी गाडीचं दार उघडताना घशाला कोरड पडलीच. तरी पद्मजा बसली. पट्टा लावला. पायाशी दुसरा ब्रेक होता, रबर झिजलेला, ओळखीचा.

"आरसा. हँडब्रेक. निघ."

तेजलने गाडी रस्त्यावर काढली. वळणावर एक म्हैस आडवी आली. पद्मजाचा पाय उचलला गेला, ब्रेकवर टेकला आणि तिथेच थांबला. थांब, पोरीला दिसलीय, दाबेल ती, थांब. तेजलने स्वतःच ब्रेक दाबला. म्हैस निवांत निघून गेली. पद्मजाने पाय उचलून खाली ठेवला आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

"दिसलं मला," तेजल समोरच बघत म्हणाली. "तू दाबला नाहीस."

"समोर बघ. बोलू नको."

दर्ग्याच्या बाजूने एक फेरी झाली. लेकीचा हात हलका होता, घाई नव्हती. पद्मजाला आनंद आवरेना. हिला आपण शिकवलं. आता पुण्याला जाऊ दे, कुठेही जाऊ दे. परत गल्लीच्या तोंडाशी आल्या तेव्हा तेजल म्हणाली, "कोरेकाकू गेल्या वाटतं. बघ ना, कुलूप किती मोठं लावलंय."

पद्मजाने कुलपाकडे बघितलं. तिला ओट्यावरची भांडी दिसली. मग दुसरी भांडी, जी तिने कधी बघितली नव्हती. रोज दोघांची भाजी करणारा, उरलेल्या पातेल्यासमोर बसून राहणारा माणूस काल म्हणाला होता, भांडी घासून पालथी घातली. घर सोडताना घालतात तशी. आणि आपण काय म्हणालो? बरं केलंत.

शिवाय तो थांबा. दीड वर्षात पडवळचं उत्तर कधी इतकं लांबलं नव्हतं. यंत्राचा खेळ ज्याला माहीत नाही तो माणूस तिच्या प्रश्नावर आधी "म्हंजे?" असं विचारेल. फोन कुणी केला हा काय प्रश्न झाला, म्हणून गोंधळेल. पडवळ गोंधळला नव्हता. तो थांबला होता. लेकीचा रविवार त्याच्या लक्षात होता. सगळ्या फोनांत काल एकदाच त्याने खरोखर हाक मारली असेल, आणि आपल्या आवाजातली घाई ऐकून ती परत घेतली असेल.

गाडी करकचून थांबली. पद्मजाने दुसरा ब्रेक दाबला होता. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं.

"आई! माझं काय चुकलं?"

"तुझं नाही." पद्मजा फोन उघडत होती, बोटं जागेवर पडत नव्हती. वळचणीने तिला आवाज द्यायला सांगितला. ती काहीतरी बोलली. 'तुमचं ओझं मध्यम आहे. पुन्हा स्वागत.' तिने पडवळ शोधला. 'पडवळ हे आता वळचणीत नाहीत.' आणि लगेच खाली दुसरी ओळ उजळली: 'घेवडा यांना सोबत हवी आहे.' तिने फोन मांडीवर टाकला आणि एक घाणेरडी शिवी दिली. तेजलने आईच्या तोंडून ती कधी ऐकली नव्हती.

कुलगुडेबाईंचा फोन रविवारचा बंद. नियम होते आणि ते चांगल्या माणसांनी चांगल्यासाठी केले होते. ओळख काढली तर तो माणूस पुन्हा कुणाजवळ तोंड उघडणार नाही. किंवा तो आत्ता मजेत चहा पीत असेल आणि ही वेडी बाई लेकीला घेऊन त्याच्या दारात जाईल. जाऊ दे. मजेत असला तर माफी मागू. नसला तर?

"गाडी वळव," ती म्हणाली. "मालधक्क्याच्या रस्त्याला घे."

"तिथे ट्रक असतात. तूच चालव ना."

"मला आत्ता धड फोन धरता येईना, गाडी कुठली," पद्मजा म्हणाली. तेजलने गिअर टाकला.

रस्ता अरुंद होता आणि ट्रक खरंच होते, काट्यासाठी रांगेत उभे राहिलेले. रांगेच्या कडेने जायला गाडीला जेमतेम वाव होता. पद्मजाने दोन्ही पाय सीटखाली ओढून घेतले. "आरसा बघ. डावीकडे जागा आहे, विश्वास ठेव. चल." तेजलच्या कपाळावर घाम आला होता, पण तिने गाडी कुठे घासू दिली नाही. टॉकीजची भिंत आली. पिंपळ केवढा वाढला होता. भिंतीला त्याने मधोमध तडा पाडला होता.

एक ट्रक काट्यावरून उतरला. पुढचा चढायच्या आत पद्मजा म्हणाली, "चढव."

"काट्यावर?"

"चढव म्हणते ना."

त्यांची छोटी गाडी त्या अवाढव्य लोखंडी पत्र्यावर जाऊन उभी राहिली. केबिनच्या खिडकीवरचा भोंगा खरखरला.

"ओ, ल्हान गाडी! हितं कुठं चढलाय? ही काय फिरायची जागा हाय?"

आवाज अगदी वेगळा होता. जाड, सर्दी झाल्यासारखा, थकलेला. पद्मजाने डोळे मिटून घेतले. आवाज कुठलाही असू दे. शब्द संपल्यावर तो जिथे थांबायचा, तिथेच थांबला होता.

"बरं, मोजायचीच आसंल तर मोजतो," भोंगा म्हणाला. "आज शेवटाला कुनाला कशाला न्हाई म्हनू. मानसं तेवढी उतरा खाली. रिकामी गाडी मोजाय लागती."

आज शेवटाला. पद्मजाने काच खाली केली. केबिनच्या खिडकीत मफलर बांधलेला, पन्नाशीचा एक साधा माणूस दिसत होता. हातात माइक. मागे खुंटीला रिकामा डबा.

"कुणी उतरणार नाही," ती ओरडून म्हणाली. "आज माणसांसकट मोजा."

भोंगा नुसता खरखरत राहिला. माणूस माइक तोंडाशी धरून तिच्याकडे बघत होता. त्याने तिचा खरा आवाज कधी ऐकलेला नव्हता, जसा तिने त्याचा नव्हता. मागच्या ट्रकवाल्याने हॉर्न दिला. पद्मजाला वाटलं, आपण चुकलो, याला काही कळलेलं नाही, किंवा कळलंय आणि आता हा खिडकी लावून घेईल. तिने श्वास घेतला आणि जे विचारायला परवानगी होती तेच विचारलं.

"आज भाजी कुठली?"

माइक खाली आला. खिडकीतल्या माणसाने मफलर तोंडावर दाबला आणि त्याचे खांदे हलायला लागले. पद्मजाने वाट बघितली. त्याला लागेल तेवढा वेळ तिने जाऊ दिला. या वेळी तिला कुठेच पोचायचं नव्हतं.

बऱ्याच वेळाने भोंगा पुन्हा खरखरला.

"आजून ठरली न्हाई."

मागून आता दोन-तीन ट्रक एकदम हॉर्न वाजवायला लागले. तेजलने घाबरून आईकडे बघितलं, तिचा पाय क्लचवर होता.

"वाजवू दे त्यांना," पद्मजा पट्टा सोडत म्हणाली. "गाडी बंद कर."